तोंडावर बोलणाऱ्या काकू

"आम्ही काय उशा आहोत, सुया खोचून ठेवायला?" काकू म्हणाल्या, आणि गाठोड्यांवर बसलेली मंडळी त्यांच्याकडे वळली.

इस्पितळाच्या धुलाईघरातली ही शनिवारची बैठक. धुण्याची यंत्रं चालू असली की मुकादमांना काही ऐकू येत नसे. त्या खडखडाटातच त्यांचे कान अधू झाले होते. म्हणून आठवड्यातून एकदा यंत्रं बंद करून बसायची रीत त्यांनीच पाडली. ज्याला जे वाटेल ते त्यानं बोलावं, कुणी राग धरू नये. अट एकच, बोलायचं ते त्या माणसाच्या तोंडावर.

काकूंच्या जिभेला हाड नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमानच होता. आज तर त्यांची बाजूही खरी होती. वॉर्डातून येणाऱ्या चादरींत वापरलेल्या सुया निघत. सकाळीच घड्या घालणाऱ्या पोरीच्या बोटात एक शिरली होती. रक्त तपासायला देऊन आल्यापासून ती गप्प होती.

"वॉर्डात बोलतो मी," मुकादम म्हणाले.

"मागेही बोलतो म्हणालात."

"बोललो होतो. लक्ष ठेवू म्हणाले."

"आणि तुम्ही मान डोलावून परत आलात."

मुकादमांनी खाली पाहिलं. काकूंनी इथं थांबायला हवं होतं. पण सगळे ऐकत होते, आणि पुढचं वाक्य जिभेवर आयतं आलं होतं. भट्टीवाल्याकडे तोंड वळवून त्या म्हणाल्या, "बायकोनं जाताना यांच्या कानांना कुलूप घातलं, आणि किल्ली घेऊन गेली बरोबर."

हशा पिकला. बोटाला पट्टी बांधलेली पोरगीही हसली. मुकादमांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळे हसताहेत म्हणून तेही हसले.

"काय म्हणालात काकू? तोंड तिकडे होतं तुमचं, कळलं नाही मला."

"काही नाही. म्हटलं, मुकादम मनानं चांगले आहेत."

"मग हसले का सगळे?"

"पटलं नाही म्हणून," भट्टीवाला म्हणाला.

पुन्हा हशा. या वेळी मुकादम सगळ्यांत मोठ्यानं हसले. "बोलत जा, काकू. पाठीमागे बोलणारे खूप पाहिले. तुम्ही तोंडावर बोलता, बरं वाटतं."

काकूंचा चेहरा उतरला. बैठक मोडली. सुयांचं कुणी पुन्हा काढलंच नाही.

मंडळी पांगली. मुकादम एकटेच वाळलेल्या चादरी उतरवत होते. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी खोटं सांगितलं मघाशी."

"काय?"

मग त्यांना ते वाक्य मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगावं लागलं. मघाशी पाण्यासारखं वाहिलेलं वाक्य आता दगड उचलून ठेवावेत तसं बाहेर येत होतं. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते त्यांचं त्यांनाच सापडेना.

मुकादमांनी हातातली चादर नीट केली. ती नीटच होती.

"ती गेली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होतो," ते म्हणाले. "तिनं हाक मारली होती. शेजाऱ्यांना ऐकू गेली."

काकूंना कुठं बघावं कळेना. "मुकादम, मला..."

"सुयांचं खरं होतं तुमचं. हसण्यात ते राहूनच गेलं बघा." त्यांनी चादर उलगडली. "सोमवारी चला माझ्याबरोबर वॉर्डात. तिथं सगळे एकदम बोलतात. मला निम्मं कळत नाही, मग मी मान डोलावतो."

"येते," काकू म्हणाल्या. मग ते त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या, "येते मी."

मुकादमांनी चादरीची दोन टोकं त्यांच्याकडे धरली. काकूंनी ती घेतली. दोघं मागे सरकली, चादर ताणली, आणि टोकांना टोकं जुळवायला पुन्हा जवळ आली. काकूंची मान खालीच होती. मुकादमांनी त्यांच्या हातातली टोकं अलगद काढून घेतली, आणि शेवटची घडी स्वतःच घातली.