वसंतातली काळी बोटं

"उद्या पोरीला पाळण्यात घालायचं जेवण आहे, अख्खं गाव लोटेल," म्हणत सलोमतनं वाटी सुनेपुढे आदळली. "आत्ताच चोळ पोरीच्या डोक्याला. आधी कानांना तूप लाव, नाहीतर डाग पडतात. आणि नंतर ताकानं धू."

वाटीत अक्रोडाच्या हिरव्या सालींचा केस रंगवायचा काढा होता, काळाकुट्ट. ओयदिनच्या मांडीवर चाळीस दिवसांची अनोर दूध पीत होती. जावळ लालभडक. ओयदिन काळ्या केसांची, नवरा बोतिरही काळ्या केसांचा, आणि पोर ही अशी! झालं, गावाला तेवढंच हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात रानातली झाडं मोजायला लाल दाढीचा एक साहेब आला होता, आठवडाभर याच घरी उतरला होता. शेजारच्या रोबियानं दोन आणि दोन पाच केले आणि घरोघर पोचवले. बोतिर भांडला नाही की त्यानं काही विचारलं नाही. मुकाट्यानं उशी उचलून गोठ्यात झोपायला गेला. ओयदिनला सगळ्यात जास्त संताप त्याचाच होता.

"मी नाही चोळणार," ती म्हणाली.

"मग चारचौघांत सांगशील काय?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच. लाल केसांना आईबाप दोघांचा वाटा लागतो. एकाचाच आला, तर तो काळ्याखाली पिढ्यान्‌पिढ्या दडून बसतो. माझे आजोबा लाल होते, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा वाटा या घरचा आहे."

"या घरात कोण लाल आहे गं?" सलोमत खेकसली आणि स्वतःच वाटीत बोटं बुडवायला निघाली.

ओयदिनची नजर त्या बोटांवर गेली. अक्रोडाच्या साली सोलून सोलून आश्विन-कार्तिकात गावात सगळ्यांचेच हात काळे होतात, पण बर्फ पडेपर्यंत डाग निघून जातात. आता जर्दाळू फुलले होते, तरी सासूची बोटं काळीच. आणि तिचा रुमाल कायम भुवयांपर्यंत ओढलेला.

"आई, कानांना तूप लावायचं, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

सलोमतचा हात थांबला. बोटं मुठीत लपवत ती म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं माझ्या डोक्याला हेच चोळलं. लाल सून घराण्याला शोभत नाही म्हणाली. सव्वीस वर्षं झाली. बोतिरलासुद्धा माहीत नाही."

"मग सांगा ना त्याला!"

"लोक हसतील गं."

"आणि मला छिनाल म्हणतात, ते चालतं होय तुम्हाला?"

ओयदिननं वाटी उचलली आणि थेट अंगणात भिरकावली. "तुमचं गुपित मी फोडणार नाही, ते तुमचं आहे. पण माझी पोर उद्या उघड्या डोक्यानं पाळण्यात जाईल. जन्मभर काढा चोळत बसणार नाही ती."

दुसऱ्या दिवशी खोली बायकांनी खच्चून भरली. अनोरच्या डोक्यावर ना टोपी, ना फडकं. रोबियाला राहवेना. "अगंबाई, काय हे केस! साहेबाला आवतण धाडलंत की नाही?"

बायका तोंडाला रुमाल लावून खिदळल्या. ओयदिननं मान ताठ ठेवली. बाळाला पाळण्यात ठेवायचा मान आजीचा. सलोमतनं नातीला हातात घेतलं, ठेवलं, आणि बाळाला बांधून ठेवायचे पाळण्याचे पट्टे तसेच सोडून तिचे हात स्वतःच्या मानेमागच्या गाठीकडे गेले. रुमाल खाली पडला. भांगाच्या दोन्ही बाजूंना काळ्या केसांच्या मुळाशी नखभर लाल केस उगवले होते, मध्ये थोडे पांढरे.

"साहेब कशाला हवा?" ती गरजली. "मी आहे की! बघ रोबिया, डोळे फाडून बघ. माझ्या रक्ताचा रंग आहे हा."

पुलावाचं ताट घेऊन बोतिर दारात आला होता. तो आईच्या डोक्याकडे बघतच राहिला.

"उभा काय राहिलास खांबासारखा?" सलोमत म्हणाली. "जा, गोठ्यातली उशी घरात आण!"

पाळण्याचा पट्टा बांधता बांधता, वरही न बघता ओयदिन म्हणाली, "राहू द्या तिथंच. आणायची तेव्हा मी सांगेन."