पुढच्या समरला

"यू ऑल राइट, मेट?" टेकडी उतरणाऱ्या माणसाने थांबून विचारलं. विचारणारच! पासष्टीचा गृहस्थ बर्फात बसून बूट काढत होता.

"येस, येस. आय हॅव टू," शशिकांत पोतनीस म्हणाले. तो जरा घुटमळला आणि उतरू लागला.

टेकडी ती केवढी, दोन तासांची चढण. पण मार्च लागला तरी बर्फ हटायचं नाव नाही, वाट गोठलेली. पोतनीस दोनदा चांगलेच आपटले होते.

एकोणऐंशी साली ईस्टरच्या सुट्टीत ते बायको-मुलाला घेऊन वेल्सला आले, आणि सात वर्षांच्या राजीवला मेंदूज्वर झाला. इस्पितळाच्या खिडकीतून हीच टेकडी दिसायची. मधुमतीने तिलाच हात जोडले. "पोर वाचू दे. अनवाणी येईन, खणानारळाने ओटी भरीन."

पोतनीस हसले. "अगं, इथे कुठली देवी बसलीय तुझी? मेंढ्या चरतात तिथे!"

"असू दे. जी कोण असेल ती."

पोर वाचलं. टेकडी मात्र राहिली. "अहो, जाऊन येऊ या ना," ती दरवर्षी म्हणे. "पुढच्या समरला," हे दरवर्षी म्हणत. असे चौदा समर गेले, आणि गेल्या नोव्हेंबरात मधुमतीच गेली.

"बाबा, तिकडे आता आइस असते," परवा राजीव फोनवर म्हणाला. "समरमध्ये जा ना." समर म्हटल्याबरोबर पोतनिसांनी दुसऱ्याच दिवशीची ट्रेन पकडली.

सगळी चढण अनवाणी जमणार नव्हती. शेवटची वीस पावलं तरी! पहिल्याच पावलाला कळ मस्तकात गेली. "आई गं," करत ते माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी पोचले. खण ठेवला, उडू नये म्हणून त्यावर नारळ ठेवला. आणि तांदूळ? तीन वेळा की पाच? जन्मभर घरात बायका ओट्या भरत आल्या, पण यांचं डोकं पेपरात. आता विचारणार कुणाला? त्यांनी पाच वेळा घातले. निम्मे वाऱ्याने नेले.

"चुकलंच माझं, मधू," ते म्हणाले आणि रडले. तिथे होतं कोण बघायला?

बोटं बधिर झालेली, नाड्या बांधता येईनात. तशाच बुटात खोचून ते खाली गावात आले, फोन बॉक्समध्ये शिरले आणि लंडनमधल्या, एजवेअरच्या स्वतःच्या घरचा नंबर फिरवला. घरी कुणी नव्हतं. मशीन लागलं.

"वी आर नॉट ॲट होम," मधुमतीचा जपून बोलणारा आवाज आला. "प्लीज लीव्ह अ मेसेज."

"मधू, मी बोलतोय. जाऊन आलो गं. अनवाणी थोडंच चाललो. तांदूळ पाच वेळा घातले. काही चुकलं असेल तर... तिला सांभाळून घ्यायला सांग."

फोन ठेवून ते तिथेच खाली बसले आणि नाड्या बांधू लागले.