चेरीच्या फुलांसाठी खोडलेलं मांजर

मी एक खोडरबर. गुलाबी, बोटभर लांबीचा. कारखान्यात माझ्यात खोट्या स्ट्रॉबेरीचा वास कालवला. मला पहिली किळस आली ती स्वतःचीच.

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या दुकानातून मला नऊ वर्षांच्या सहानानं घेतलं. दर शनिवारी सकाळी ती श्रीरंजनीमामींकडे मराठी शिकायला जायची. मामी तंजावरकडच्या, निवृत्त शिक्षिका. घरी निम्मंअधिक तमिळ बोलणाऱ्या सहा मुलांना त्या तीन ओळींच्या जपानी धाटणीच्या कविता लिहायला लावत.

"आज डोळ्यांनी पाहिलंस तेच लिही, कण्णा," त्या लाडानं म्हणत. "अक्षरं मोजू नकोस. खोटं तेवढं नको."

सहानानं लिहिलं:

अप्पा आले कामावरून
शर्टाला तेलाचा वास
मांजर शिंकलं

मामी इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा घसरला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हीच वाचायची, असं ठरलं. तिचे अप्पा, म्हणजे वडील विजयकुमार, ओरगडमच्या ट्रक कारखान्यात फिटर. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली आणि कार्यक्रमासाठी रजा टाकली.

ते कामाच्या पाळीला गेल्यावर अम्मानं, हरिप्रियानं, वही ओढली.

"सगळ्या लोकांसमोर अप्पांच्या अंगाचा वास सांगणार? लाज नाही वाटत?"

"पण मांजर खरंच शिंकलं, अम्मा."

"खोड म्हणते ना!"

सहाना हलली नाही. मग हरिप्रियानंच मला उचललं आणि कागदावर घासलं. खोडणं माझं कामच. चुकलेली बेरीज, उलटा काढलेला 'झ', सगळं मी विनातक्रार पुसलंय. पण त्या दिवशी शिशाचा तो काळा लगदा माझ्या अंगाला चिकटला आणि मला त्याची किळस आली. यात चूक काहीच नव्हती. मी एक शिंक पुसत होतो.

त्या जागी तिनं मोबाईलमध्ये बघून लिहवून घेतलं:

चेरीची फुलं
वाऱ्यावर डोलती
मनी वसंत

"पाच, सात, पाच. बरोबर!" तिनं बोटांवर अक्षरं मोजली.

कार्यक्रमात अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. सहानाच्या मुठीत मी घामानं चिकट झालो होतो. तिनं वसंत वाचला. टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "केवढी कल्पनाशक्ती!" चेन्नईत चेरी कुणी पाहिली, हे त्या सभागृहात एकानंही विचारलं नाही. मला त्या टाळ्यांची शिसारी आली. मामी तेवढ्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, "आपलं मांजर कुठं गेलं गं?"

"अम्मा म्हणाली, वासाचं नको."

अप्पांनी स्वतःची बाही नाकाशी नेऊन एकदा हुंगली.

पुढच्या शनिवारी मामी म्हणाल्या, "चला, आज काय पाहिलंत?" सहानानं भराभर लिहिलं:

इडलीच्या पिठात पाल
अम्मानं चमच्यानं काढली
इडल्या झाल्याच

लिहून ती स्वतःशीच हसली. मग तिनं दाराकडे पाहिलं. अम्मा तिथं नव्हती, कुणीच रागावलं नव्हतं. तरीही तिनं मला उचललं आणि स्वतःच्या हातानं तिन्ही ओळी घासून काढल्या. त्या जागी 'चंद्र' लिहिलं.

पिठातल्या पालीची मला किळस आली नाही. त्या चंद्राची आली.

सहाना, आता मी नखाएवढा उरलोय. मला खिडकीतून फेकून दे, बाळ. नवा आणू नकोस.