वेलीचा पीळ

"कोरणी फिरवायची नाही, पोरी. हात जागच्या जागी ठेवायचा, पत्रा फिरवायचा. आणि धार कधी माणसाकडे धरायची नाही."

बाबा गेले, पण त्यांचा आवाज कामाला बसलं की तिच्या कानात असायचाच. समोर चामड्याच्या उशीवर तांब्याचा पत्रा होता. त्यावर रानफुलं, बाबांचं शेवटचं काम. तांब्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरणारा आरशात बघून कोरतो. नजर अधू झालेल्या बाबांनी एक वेल मात्र समोर दिसली तशीच कोरली, आणि छापात ती भलत्याच बाजूने पीळ घालत वर चढली. ती वेल कुठल्याच रानात तशी चढत नाही. जाताना त्यांनी तिचं मनगट धरलं होतं, "तेवढा पीळ सुधार." तिने शब्द दिला होता.

डाव्या हातात कोरणी धरून उजव्याने ती आरसा नीट लावत होती, तेवढ्यात थोरला भाऊ कारखान्यात आला.

"बाबांच्या हातचं खरवडतेस?"

"दादा, त्यांनीच सांगितलं होतं."

"मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं! बाप चुकला म्हणून गावभर दवंडी पिटणार?"

"वेल चुकलीय. बाबा नाही."

अशी थोबाडीत बसली की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने पत्रा उचलून छापयंत्रात सरकवला. "आहे तसाच छापतो, बघतोच!" ती धावली आणि उजव्या हाताने पत्रा ओढायला लागली, तर त्याने वेणी धरून तिचं कपाळ लोखंडी चौकटीवर आपटलं. रक्त डोळ्यात उतरलं. डाव्या हातातली कोरणी तिने त्याच्या खांद्यात मुठीपर्यंत घातली. तो गुरासारखा ओरडला आणि त्याच भरात त्याने यंत्राचं चाक फिरवलं.

तिचा उजवा हात अजून पत्र्यावरच होता. रुळाखाली बोटं वाळक्या काटक्यांसारखी मोडली.

मग तोच चाक उलटं फिरवत लहान मुलासारखा रडला, आणि गळत्या खांद्यानिशी डॉक्टरांना आणायला पळाला.

दोन बोटं काढावी लागली. जखमा सुकत आल्या, तशी एका सकाळी ती उठून कारखान्याकडे निघाली.

"वन्सं, उरलेली बोटं जड झाली का?" वहिनीने चुलीपाशून विचारलं.

"डावा हात आहे ना."

"दोघंही बापावर गेलात. हट्ट तेवढा घेतलात, हात कुणी घेतला नाही." बोलता बोलता वहिनीने तिचा पदर नीट खोचून दिला.

दारात दादा उभा होता. त्याने तिला अडवलं नाही. खांदा वर होत नव्हता आणि नजरही.

पत्र्यावरचं काळं पडलेलं रक्त तिने तेलाच्या बोळ्याने पुसलं. बाबांचं एक सांगणं तिच्या हातून मोडलं होतं. दुसरं राहिलं होतं. चुकलेली रेघ काढायची खरवडणी डाव्या हातात धरून तिने तो हात जागच्या जागी ठेवला, आणि पट्टी बांधलेल्या उजव्या मनगटाने पत्रा हळूहळू फिरवायला लागली.