खाडीच्या मातीचा गणपती

विनुता गच्चीवर आली, तर वर्तमानपत्रावर वाळत घातलेली गाळाची ढेकळं गायब! नंबराची चिठ्ठी तेवढी विटेखाली फडफडत होती.

अग्नियार नदी समुद्राला मिळते तिथे, गुडघाभर चिखलात उभं राहून, पाइप ठोकून तिने ती काढली होती. वर वाळू, मध्ये शिंपल्यांचा थर आणि तळाशी हा काळा, मऊ गाळ. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच होतं. पुन्हा आणावा म्हटलं तर जागाच उरली नव्हती. कुणा कंपनीने तिथे कोळंबीची तळी खणली होती.

ती धावत खाली आली. देवघरात तिचे सासरे सेतुमाधवराव बसलेले, पुढ्यात पाटावर वीतभर काळा गणपती. गुंजेचे डोळे लावून पूजासुद्धा झालेली!

"ये गे ये! वेण्णार नदीकाठची माती आणायला यंदा गुडघे साथ देईनात. बाजारातला साच्याचा आणायचा म्हणून जीव तुटत होता बघ. तू बोलली नाहीस, पण आणून ठेवलीस. लोण्यासारखी माती! नुसत्या पाण्यात मळली."

आता यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? वर्षभरात हा माणूस असा हसला नव्हता.

"छान झालाय मामंजी," ती कशीबशी म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन, मोदकांसाठी नारळ खवता खवता, मुकाट्याने रडली.

दुसऱ्या दिवशी मामंजी चिठ्ठी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"हे काय?"

"काही नाही हो."

"थापा मारू नकोस. जन्मभर कचेरीत फायली लावल्यात मी. नंबर घातलेली वस्तू कुणी देवासाठी आणत नाही." त्यांनी चिठ्ठी तिच्या हातात ठेवली. "तुला एका शब्दाने विचारलं का नाही गे मी!"

विनुताने त्यांचा हात धरला. "अहो, मला याचे कण मोजायचेत फक्त. मळला तरी कण तेच राहतात. पण गणपती मोडून पाण्यात सोडावा लागेल. उंच काचेच्या नळीत. जाड कण आधी बसतात, बारीक मागाहून, अगदी बारीक दुसऱ्या दिवशी."

म्हाताऱ्याने मान वर केली. "मग ते विसर्जनच की!"

उत्तरपूजा झाली. सोमवारी मामंजी इस्त्रीचं धोतर नेसून, रिक्षाने तिच्याबरोबर कॉलेजात हजर. प्रयोगशाळेतला शिपाई बघतच राहिला. विनुताने तोलून दिलेला गाळ त्यांनी स्वतः नळीत सोडला आणि हात जोडले. पाणी काळंभोर झालं.

संध्याकाळी दिवे मालवायची वेळ झाली, तरी ते उठेनात.

"चला ना मामंजी, उद्या येऊ."

"तुझ्या सासूच्या अस्थी पूंपुहारला समुद्रात सोडल्या ना, तेव्हा सगळ्यांना बस गाठायची घाई. मला घटकाभर उभं राहू दिलं नाही गे कुणी. आज थोडं बसू दे."

विनुताने शिपायाकडून किल्ली मागून घेतली आणि स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली.