दोन फेरे जास्तीचे

गोजराबाईंचं बंगळुरातल्या चिकपेटमधलं अस्तर-लेसचं दुकान हातभर रुंद, पण त्याचं शटर उचलायला दोन गडी लागायचे. पूर्वी असं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापासूनचं हे दुखणं. रोज सकाळी शेजारच्यांना हाका मारायच्या, याची सत्तरीच्या बाईला फार लाज वाटे. मुलगा विराट लांब येलहंक्याला राहायचा. ऑफिस दुकानापासून दोन गल्ल्यांवर, पण महिनोन्महिने फिरकत नसे. एक दिवस आला आणि सांगून गेला, "सोमवारी बघतो. एकटीनं शटर वर केलंस तर सरी, ठीक आहे, चालव दुकान. नाहीतर भाड्यानं देऊन टाकू. कंबर मोडून घेशील, आई."

"मोडली तर माझी मोडेल!" त्या फणकारल्या खऱ्या, पण त्या दिवशी घास गोड लागला नाही. चाळीस वर्षं जिथे बसून अख्ख्या पेठेशी गप्पा मारल्या, ते सोडून घरी बसून करायचं काय?

त्यांच्या बसवनगुडीच्या घरात वरच्या मजल्यावर रत्नाकर भाड्याने राहत. मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, म्हणजे दुसऱ्याच्या कामात लक्ष घालायला पूर्ण मोकळे. गच्चीवर ही हकीकत ऐकताच त्यांनी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला. बाईंची साडी खाली पडली, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं.

"गोजराअक्का, ही मधली तार बघा. चिमटा दाबला की तिला पीळ बसतो, सोडला की ती तो उलगडते आणि चिमटा मिटतो. उंदराचा सापळा, परीक्षेच्या पॅडची क्लिप, सगळीकडे हीच युक्ती. तुमच्या शटरच्या वरच्या पाइपावर अशाच मोठ्या स्प्रिंगा आहेत. शटर खाली ओढताना त्यांना पीळ बसतो, वर करताना त्या तोच जोर परत देतात. वजन त्या उचलतात, आपण नुसता हात लावायचा. तुमची एखादी तुटली असणार."

"म्हणजे मी नाही, स्प्रिंग थकली होय!" गोजराबाईंना इतका आनंद झाला की साडीचं त्यांनी माफ करून टाकलं.

रविवारी शटरवाला मंजुनाथ आला. एक स्प्रिंग खरंच तुटली होती. नवी बसवल्यावर पाइप फिरवून तिला सुरुवातीचा पीळ द्यायचा होता. मंजुनाथ म्हणाला, सहा फेरे पुरे. रत्नाकरांनी कागदावर गणित मांडलं, तेही सहाच आलं. पण तीस वर्षांची सरकारी सवय! "उत्तर आलं की वर थोडं धरायचं. फॅक्टर ऑफ सेफ्टी. आठ दे."

"सार, स्वल्प जास्ती आयतु," थोडं जास्तच झालं, असं मंजुनाथ कुरकुरला. पण इंजिनिअरसाहेबांपुढे कोण बोलणार? आठ फेरे दिले, आणि दोघांनी लोंबकळून शटर खाली आणून कुलूप ठोकलं.

सोमवारी विराट हाताची घडी घालून उभा राहिला. मंजुनाथ आणि रत्नाकरही हजर होते. गोजराबाईंनी पदर खोचला, कुलूप काढलं, कडीला हात लावला, आणि शटर धडधडत आपलं आपणच वर गेलं. समोरच्या पानवाल्याने टाळ्या वाजवल्या. बाई दचकल्या होत्या, पण रोजचंच असल्यासारखे त्यांनी हात झटकले.

विराटचा विश्वास बसेना. "थांब, मी बघतो," म्हणत त्याने शटर खाली ओढलं. ते अर्ध्यावर आलं आणि त्याला घेऊनच वर निघालं. रत्नाकर धावले, मंजुनाथ धावला, तिघे लोंबकळले. विराटचा एक बूट निसटून रस्त्यावर पडला आणि तो खो खो हसत सुटला.

"आई, हे शटर तुझ्यावर गेलंय! सुंभ जळला तरी पीळ जात नाही!"

या दुकानात त्याला असं हसताना गोजराबाईंनी किती वर्षांनी पाहिलं! त्यांचे डोळे भरून आले.

रत्नाकर ओशाळले. "दोन फेरे जास्तीचे झाले. मंजुनाथ सोडेल. मग वर-खाली दोन्ही तुम्हाला एकटीनं जमेल."

गोजराबाईंनी विराटकडे एकदा पाहिलं. "एकच सोडायला सांगा, अण्णा."

"अहो, मग बंद करताना तुम्हाला ओढवणार नाही."

"नाही ओढवलं तर नाही. सकाळी मी उघडीन. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ओढायला हा येईल."

विराट बूट हातात घेऊन आईकडे बघत राहिला.

"रोज?"

"रोज."

"सरी," तो म्हणाला. मंजुनाथने पाना घेतला आणि एकच फेरा सोडला.