पऱ्हाटीचा कोळसा

फाल्गुनातल्या कोरड्या वाऱ्यावर पऱ्हाटी जळल्याचा कडवट वास महाविद्यालयाच्या मागच्या अंगाने आत येऊ लागला, की वनिता राठोड प्रयोगशाळेत नाहीत, शेडपाशी आहेत, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत साऱ्यांना कळत असे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली ती वाळकी झाडं वनिताताई एका लोखंडी पिंपात ठासून भरत, झाकणाच्या कडा ओल्या मातीने लिंपत आणि खाली जाळ लावून उन्हातच एका दगडावर बसून राहत. झाकणाच्या बारीक भोकातून निघणारा धूर आधी दाट पांढरा असे, हळूहळू विरळ होई, शेवटी निळसर होऊन थांबे. आणि तो थांबेपर्यंत त्यांची नजर त्याच्यावरून हलत नसे. साडीच्या पदराला, केसांना, वर्गात उघडलेल्या पुस्तकालासुद्धा तो वास चिकटलेला असे.

त्या रसायनशास्त्र शिकवत, तासिका तत्त्वावर. मी पदार्थविज्ञान शिकवतो, कायम नोकरीत. आमच्या दोघांच्या प्रयोगशाळांमध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीतून मला सर्वांत आधी ऐकू आला तो त्यांचा राग. त्या रागाला गर्जना नव्हती. वैशाखातल्या यवतमाळच्या दुपारसारखा तो निःशब्द आणि सर्वव्यापी होता. फळ्यावर खडू मोडल्याचा आवाज येई, आणि मग प्रमाण मराठीत चाललेलं त्यांचं बोलणं एकाएकी वऱ्हाडीत उतरे. नळाला पाणी नाही, गॅस संपलेला, आणि मोठ्या समारंभाने आलेलं उपकरण बसवून द्यायला माणूस न आल्यामुळे खोक्यातच धूळ खात पडलेलं. अशा खोलीत उभं राहून मुलांना विज्ञानाच्या प्रगतीवर बोलायचं म्हटल्यावर तो राग यायचाच. मला तो येत नव्हता, याचंच पुढे आश्चर्य वाटू लागलं.

त्यांचं मूळ घाटंजीच्या पलीकडच्या एका तांड्यात. तिथल्या हातपंपाचं पाणी स्फटिकासारखं नितळ, चवीला गोड, उन्हाळ्यातही थंड. त्या गोडव्यात फ्लोराइड होतं, आणि फ्लोराइडला ना रंग असतो ना वास. तांड्यातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटत, पाय गुडघ्यापाशी आत वळत, आणि ऐन उमेदीतल्या बायकांच्या पाठी कमानीसारख्या ताठरत. वनिताताईंची आई, त्यांच्या बंजारा गोरबोलीत याडी, अशीच वाकलेली होती. मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा तांड्यावर गेलो तेव्हा घरात शिरताच त्या आईसमोर जमिनीवरच बसल्या. मला ती नमस्काराची रीत वाटली. मग लक्षात आलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहायचं तर लेकीला जमिनीवरच बसावं लागतं.

शेडपाशी त्या पिंपात वनिताताई कोळसा करत, तो हे पाणी शुद्ध करण्यासाठी. त्याचं सारं रहस्य एवढंच होतं, की पऱ्हाटीच्या कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. तुरटीच्या द्रावणात मुरवून त्या छिद्रांमध्ये ॲल्युमिनियम बसवलं तर त्यातून झिरपणाऱ्या पाण्यातलं फ्लोराइड ते धरून ठेवतं. सांगायला सोपं. प्रत्यक्षात पहिला कोळसा पाण्यात विरघळल्यासारखा फुटला आणि खाली काळा गाळ आला. नंतरच्याने फ्लोराइड उत्तम धरलं, पण तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात सोडलं. त्यावर आमच्यातलेच काही म्हणाले की चालेल, आधीच्या विषापेक्षा बरंच आहे की. त्या दिवशी भिंतीपलीकडून खडू मोडल्याचा आवाज आला नाही. त्यांनी ते सगळं शांतपणे नालीत ओतलं आणि पुन्हा पिंप भरायला घेतलं. भट्टीचं तापमान मोजून देणं आणि पाणी किती संथ झिरपलं पाहिजे याचं गणित मांडणं, एवढाच माझा वाटा. ऋतू पालटत गेले, शेडजवळचा पळस फुलला, झडला, पुन्हा फुलला; शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे नमुने जात राहिले, आणि अखेर तिथूनही पाणी पिण्यायोग्य असल्याचा निर्वाळा आला.

तांड्याच्या शाळेच्या ओसरीवर कोळशाने भरलेली पिंपं बसली. वनिताताई आठवड्याच्या सुटीला तिथे जात, काचेच्या नळीत पाणी घेत आणि त्यात एका लाल द्रवाचे थेंब टाकत. पाण्यात फ्लोराइड असेल तर तो लाल रंग उडून पिवळा होतो. नसेल तर लालच राहतो. बायका भोवती जमत. नळीतला रंग लाल राहिला की याडी मान तिरकी करून तो बघे आणि कुणाला तरी हाताने खूण करी, भरा म्हणून. त्या काळात वनिताताईंना मी हसताना पाहिलं. रागीट माणसाचं हसू फार लख्ख असतं.

मग तांड्यात पाणी शुद्ध करणारं सरकारी यंत्र आलं. पत्र्याची निळी खोली, तिच्यावर फलक, फलकावर फोटो. उद्घाटनाला मांडव पडला, आणि त्याच दिवशी शाळेच्या ओसरीवरची पिंपं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ग्रामपंचायतीच्या आवारात नेऊन टाकली गेली, कारण अप्रमाणित साधनं शाळेत ठेवता येत नाहीत असं वरून सांगण्यात आलं होतं. वनिताताईंनी ते सोसलं. पाणी स्वच्छ मिळाल्याशी मतलब, असं त्या मला म्हणाल्या, आणि ते खरंच मनापासून म्हणाल्या.

यंत्रातली गाळणीची पटलं वर्षाच्या आतच निकामी झाली. पण मोटर चालत होती, हिरवा दिवा लागत होता, तोटीतून धार पडत होती. हातपंपाचंच पाणी त्या निळ्या खोलीतून फिरून, शुद्ध म्हणून, घराघरांत जात होतं. बायका लेकरांना निर्धास्तपणे पाजत होत्या. वनिताताईंच्या नळीत रंग पिवळा झाला तेव्हा आधी त्यांनी स्वतःच्याच द्रवावर संशय घेतला, नवा तयार केला, पुन्हा तपासलं. मग त्या पाणीपुरवठ्याच्या सरकारी कार्यालयात गेल्या. पुन्हा गेल्या. माणूस येईल, असं दर वेळी सांगण्यात आलं. तांड्यात घरोघरी फिरून त्या सांगत राहिल्या. पण हिरवा दिवा लागलेला असताना एका बाईच्या शब्दावर किती जण विश्वास ठेवणार? आणि ठेवला तरी दुसरं पाणी होतं कुठे?

विज्ञान दिनाला जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत अधिकारी. भाषण करणाऱ्या पाहुण्यांनी त्यांच्या कोळशाला ग्रामीण भागातलं कौतुकास्पद जुगाड म्हटलं आणि टाळ्या पडल्या. वनिताताई माइकपाशी आल्या. पिशवीतून बाटली काढली, नळीत पाणी ओतलं, थेंब टाकले आणि नळी उंच धरली. सभागृहात उजेड भरपूर होता. लाल रंग फिकट होत होत पिवळा झाला, तो शेवटच्या रांगेपर्यंत दिसला.

"हे तुमच्या मशीनचं पाणी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्या तांड्यातले लेकरं हे रोज पिऊन राह्यले. अन् मी केलं ते जुगाड नाही. त्याले रसायनशास्त्र म्हनतात."

शाल त्यांनी खुर्चीवर घडी करून ठेवली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मी एकटाच वाजवू लागलो, तर त्या आवाजाने सभागृह दचकलं.

जूनमध्ये त्यांना सांगण्यात आलं की यंदा तास बसत नाहीत. तास बसत होते. ते दुसऱ्या कुणाला दिले गेले. मी प्राचार्यांशी भांडलो, संस्थेपर्यंत गेलो. सगळे माझ्याशी फार सौजन्याने बोलले. प्रयोगशाळेतलं आपलं सामान आवरताना वनिताताई रडल्या नाहीत, की माझं सांत्वनही त्यांनी चालू दिलं नाही.

"सर, मशीन बंद पडली, त्याचा मले राग नाही," त्या म्हणाल्या. "मशीन बंद पडतेच. पन ते बंद पडली हे सांगनारं मानूस त्याइले नको आहे. त्याचा राग येते."

आता त्या पुण्याकडच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहेत. उंच इमारतींच्या आवारातल्या पोहण्याच्या तलावांचं पाणी निळं आणि नितळ राहावं म्हणून त्या रोज नमुने तपासतात. ज्या बुद्धीवर एका तांड्याची हाडं सरळ वाढू शकत होती, ती आपण तलाव निळे ठेवण्याच्या कामाला पाठवून दिली, आणि वर म्हणतो की या भागात संशोधन होत नाही.

पिंपं मात्र परतली. ती कुणी आणून दिली नाहीत. एका सकाळी याडी पुढे आणि तांड्यातल्या बायका मागे, अशा त्या ग्रामपंचायतीच्या आवारात शिरल्या आणि बायका पिंपं डोक्यावर घेऊन निघाल्या. अडवायला आलेला सदस्य याडीच्या समोर उभा राहिला, पण तिच्या डोळ्याला डोळा द्यायचा तर त्यालाही खाली बसावं लागलं असतं, आणि ते त्याला जमलं नाही. कोळसा आता बायकाच तयार करतात. वनिताताई फोनवरून सगळं विचारून घेतात आणि लाल द्रव पाठवतात. तपासायला मी जातो. नळीतला रंग लाल राहतो.

तरी शाळेच्या मैदानात मुलं कवायतीला उभी राहिली, की कोणती वर्षं कुणाच्या वाट्याला आली हे दुरूनही कळतं. काहींचे पाय सरळ आहेत. ज्यांचं बाळपण हिरव्या दिव्याच्या काळात गेलं, त्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. हाडात मुरलेलं ते पाणी काढून घेणारं रसायन अजून कुणापाशी नाही. गेलेला काळ स्मरणात उरतो असं आपण म्हणतो. इथे तो मुलांच्या पायांत उरला आहे, आणि आपण सारे विसरून गेल्यावरही ती मुलं त्याच्यावरच उभी राहणार आहेत.